मनोरा मागायचा राहिला

आगीचा बंब घणघणत गेला की लोक बंबाकडे बघतात, वर उभ्या असलेल्या जवानांकडे बघतात, फार तर पाण्याच्या फवाऱ्याकडे बघतात. पाईपकडे कोणी बघत नाही. पाईपकडे लक्ष जातं ते तो फुटल्यावर. त्यामुळे ज्याच्या हाताखालून गेलेला एकही पाईप अठ्ठावीस वर्षांत फुटला नाही, तो माणूस कोणाला ठाऊक नसावा यात नवल काही नाही.

अग्निशमन केंद्रात त्यांना वाळवणकाका म्हणत. कागदोपत्री हुद्दा वेगळा होता, पण तो पगाराच्या दिवशी सही करतानाच आठवायचा. आगीवरून परत आलेले कॅनव्हासचे पाईप धुवायचे, वाळवायचे, तपासायचे आणि गुंडाळून पुन्हा बंबावर चढवायचे, हे त्यांचं काम. कॅनव्हासचा पाईप ओला गुंडाळून ठेवला तर आतून कुजतो, आणि कुजलोय असं बाहेरून अजिबात दाखवत नाही. या बाबतीत तो पुष्कळशा अधिकाऱ्यांसारखा असतो. दाब पडला की कळतं.

म्हणून जुन्या केंद्राच्या मागं विटांचा तीन मजली मनोरा होता. आत अरुंद जिना, वर आडव्या तुळईला कप्प्या, आणि चारी भिंतींना झरोके. पाईप मधोमध दोरीनं बांधायचा, वर ओढायचा, दोन्ही टोकं खाली सोडायची. पाणी आपोआप निथळे आणि झरोक्यांतला वारा दीड दिवसात उरलेलं काम करी. उतरवताना काका प्रत्येक पाईप या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहातावरून सरकवत. कुठं मऊ लागलं की खडूची खूण. खूण झालेला पाईप बंबावर चढत नसे. मग साहेब सांगोत नाहीतर साहेबांचे साहेब.

घरी या कर्तबगारीचं विशेष कौतुक नव्हतं.

"अठ्ठावीस वर्षं जगाचं वाळवण घातलंत," बायको म्हणायची. "घरातला एक टॉवेल कधी दोरीवर टाकलात का?"

"टॉवेल फुटून अजून कोणी जखमी झालेलं नाही."

"आपल्या घरातले टॉवेल नीट बघा एकदा. फुटायचेच राहिलेत."

काकांनी मुलगी दिली तीही केंद्रातच. जावई बंबावर नोझल धरणारा, म्हणजे आगीच्या सगळ्यात जवळ उभा राहणारा आणि पाईपवर सगळ्यात जास्त भरवसा ठेवणारा माणूस. लग्नानंतर केंद्रात त्याचं स्वतःचं नाव बंदच पडलं. लहानथोर सगळे त्याला जावई म्हणू लागले. "लेक दिल्यापासून काकांना खडू फार लागतो," असं बंबाचा ड्रायव्हर म्हणे, आणि ते खरंही होतं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जुनं केंद्र पाडायलाच हवं होतं. बंब आत घेताना दोन्ही बाजूंचे आरसे मिटवावे लागत आणि एक जण मागं उभा राहून "घे, घे, घे, बस!" असं ओरडत असे. हा 'बस' एकदा उशिरा आल्यामुळं दाराच्या खांबाचा कोपरा कायमचा गेला होता. बावीस माणसांना एक संडास होता आणि त्याची कडी बाहेरून होती. फोनच्या खोलीत एकदा भर दुपारी, फोन चालू असताना, छताचा पोपडा टेबलावर कोसळला. फोनवरचा जवान पलीकडच्याला म्हणाला, "जरा थांबा, आमचं छत पडलंय." पलीकडचा ओरडला, "आमचं जळतंय!"

तेव्हा जुन्या विटांसाठी गळा काढणाऱ्यांतले काका नव्हते. नवं केंद्र त्यांनाही हवं होतं. उलट सगळ्यांत जास्त त्यांनाच हवं होतं, कारण त्याचा अर्ज त्यांच्या हातानं लिहिला गेला होता.

मुख्य कार्यालयानं एक छापील फॉर्म पाठवला: 'विद्यमान केंद्रातील उणिवा सविस्तर नमूद कराव्यात.' काकांचं अक्षर चांगलं, म्हणून ते लिहायला बसले. केंद्रप्रमुख सांगू लागले आणि सगळी पाळी भोवती जमली. असा प्रश्न जन्मात कोणी विचारला नव्हता, त्यामुळं माणसं सुटली. रुंद दरवाजा नाही, लिहा. संडासाला आतून कडी नाही, लिहा. गरम पाणी नाही, कपाटं नाहीत, व्यायामाला जागा नाही, पाहुण्याला बसवावं अशी खोली नाही. चहाच्या तीन फेऱ्या झाल्या आणि एकतीस उणिवा झाल्या. केंद्रप्रमुखांनी सही केली. ड्रायव्हर म्हणाला, "काका, पाठीवर 'तूर्त एवढंच' असं लिहा."

दोन वर्षांनी नवं केंद्र उभं राहिलं. शेजारच्याच मोकळ्या जागेत, काचेचं, चकचकीत. एकतीसच्या एकतीस उणिवा दूर झालेल्या. रुंद दरवाजे, कड्या, गरम पाणी, कपाटं, व्यायामशाळा. पाहुण्याला बसवण्यासाठी तर नुसती खोली नव्हे, तीन मजले उंच दालनच. त्यात संगमरवरी फरशी आणि वरपर्यंत नुसती हवा.

काका पाईपांची हातगाडी घेऊन इमारतीला दोन फेऱ्या मारून आले आणि वास्तुविशारदासमोर उभे राहिले.

"साहेब, मनोरा कुठाय?"

"कसला मनोरा?"

"पाईप वाळवायचा."

वास्तुविशारदानं फाईल उघडली. माणूस सभ्य होता, आणि सभ्य माणूस फाईल उघडतो तेव्हा जास्त भीती वाटते. "तुमच्या उणिवांमध्ये मनोरा नाही."

"नसणारच. मनोरा होता ना आमच्याकडे!"

"बरोबर. होता, म्हणून उणीव नव्हती. आम्ही उणिवांप्रमाणे आराखडा केला. हे अक्षर कोणाचं आहे?"

काकांनी आपलं अक्षर ओळखलं. त्या दिवशी ते वळणदार अक्षर त्यांना पहिल्यांदाच डोळ्यांत खुपलं.

त्यांनी दुसरा मार्ग धरला. "बरं, निदान खिडक्या तरी उघडा."

"खिडक्या उघडत नाहीत. इमारत वातानुकूलित आहे. उघडणाऱ्या खिडक्या कोणी मागितल्या नव्हत्या."

इथं संतापाला जागा आहे, आणि ती वापरायला हवी. ज्यांना 'काय नाही' एवढंच विचारलं, त्यांनी 'काय आहे' ते लिहिलं नाही, हा त्यांचा गुन्हा. आणि जो दोन वर्षं केंद्र बांधत होता, ज्याच्या खिडकीतून तो मनोरा रोज दिसत होता, ज्याच्या झरोक्यांतून आत लोंबणारे पाच-सहा पाईप दिसत होते, त्याला एकदाही कुंपण ओलांडून "हे काय लटकवलंय हो?" असं विचारावंसं वाटलं नाही, हा मात्र गुन्हा नाही. ती कार्यपद्धती.

काकांनी विनंती अर्ज दिला: जुनं केंद्र खुशाल पाडा, मनोरा तेवढा ठेवा. केंद्रप्रमुखांनी तो वर पाठवला. वरून उत्तर आलं की न वाळवता चालणारे नव्या धाटणीचे पाईप खरेदी करण्याची प्रक्रिया सुरू असून मनोऱ्याचं प्रयोजन उरलेलं नाही. काकांनी विचारलं, कधी येणार पाईप? प्रक्रिया सुरू आहे. साधारण? सुरू आहे. मनोरा मात्र कुठल्याही प्रक्रियेशिवाय एका सकाळी दोन तासांत खाली आला.

मग ओले पाईप घेऊन काका जागा शोधत हिंडू लागले. अंगणात आडवे पसरले तर त्यांवरून गाड्या गेल्या. कुंपणावर टाकले तर दर्शनी भाग विद्रूप होतो म्हणून काढायला लावले. बंबाच्या खोलीतली नवी फरशी इतकी सपाट की पाणी कुठं जावं हे पाण्यालाच कळेना. पाईपांना वास येऊ लागला. खडूच्या खुणा वाढत गेल्या आणि चांगले पाईप इतके कमी उरले की केंद्रप्रमुखांनी एक दिवस खूण केलेलेच चार पाईप बंबावर चढवायला सांगितले.

"साहेब, यांवर खूण आहे."

"काका, मग बंब काय रिकामा पाठवू? उरलंय काय दुसरं?"

काकांनी पाईप चढवले.

नऊ दिवसांनी सकाळी अकराला एका लाकडी सामानाच्या दुकानाला आग लागली. जावई नोझल घेऊन दारातून आत शिरला, दहा पावलं गेला आणि मागं पाईप फुटला. हातातलं पाणी एकदम मेलं. दुसरा पाईप जोडेपर्यंत चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांत वरची फळी पडली आणि ती चुकवताना त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बोटं वाचली. दुकान वाचलं नाही.

दवाखान्यात मुलगी बाकावर बसली होती. काका आले तशी उठली नाही.

"बाबा, तुमचाच पाईप होता?"

"हो."

"खूण होती?"

"होती."

"मग चढवलात कशाला?"

बायकोनं मध्ये पडून "अगं, त्यांना तरी..." असं सुरू केलं, तेवढ्यात आतून जावयाचा आवाज आला, "बाबांना ओरडू नकोस. आधी पाणी दे मला. आज सगळ्यांना माझं पाणी तोडायचंय का?" कोणी हसलं नाही. पण मुलगी उठली.

तिसऱ्या दिवशी काकांना नोटीस मिळाली. साहित्याच्या देखभालीत हयगय केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा. निवृत्तीला पाच महिने होते. सगळ्यांनी समजावलं की माफी मागून मोकळे व्हा. काकांनी खुलासा लिहिला तो असा: 'पाईप ओला राहून कुजला होता. खूण असूनही मी तो चढवला, ही माझी चूक. मनोरा यादीत लिहायचा राहिला, तीही माझी चूक. उभा असलेला मनोरा मी पाडलेला नाही.'

तो देऊन ते हातगाडीकडे गेले. गाडीवर अकरा ओले पाईप होते. अकरापैकी कुठला जावयाच्या जागी उभ्या राहणाऱ्या नव्या पोराच्या वाट्याला येईल, हे त्यांना सांगता येत नव्हतं. त्यांनी गाडी वळवली आणि थेट पाहुण्यांच्या दालनात घातली. संगमरवरावर पाण्याची रेघ उमटत गेली. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला त्यांनी दोऱ्या बांधल्या. ड्रायव्हर खालून टोकं धरायला आला. काका म्हणाले, "तू जा, तुझी नोकरी बरीच राहिलीय." तो म्हणाला, "गप ओढा हो."

तासाभरात काचेच्या त्या देखण्या दालनात अकरा पाईप लोंबू लागले. रस्त्यावरून स्वच्छ दिसत होते. पहिल्यांदाच लोक पाईपांकडे बघायला थांबले.

केंद्रप्रमुख धावत आले. "काका, काय हे! उद्या मुख्य कार्यालयाची माणसं येतायत पाहणीला. काढा आधी!"

"काढतो." काकांनी खिशातून एक कागद काढला. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'ओले पाईप न वाळवता बंबावर चढवावेत, असा आदेश देण्यात येत आहे.' खाली सहीची जागा सोडली होती. "एवढी सही करा. लगेच काढतो."

केंद्रप्रमुखांनी कागद वाचला. माणूस वाईट नव्हता. जावयाला दवाखान्यात उचलून नेणाऱ्यांत तेही होते. त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं, वर पाईपांकडे बघितलं आणि टोपण लावलं.

"हे मी वर पाठवतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयाची माणसं आली. त्यांतल्या सगळ्यात वरिष्ठानं पाईपखालून जाताना मान वाकवली आणि हा काय प्रकार आहे म्हणून आवाज चढवला. केंद्रप्रमुखांनी कागद पुढं केला. वरिष्ठांनी वाचला, शेजारच्याकडे दिला. शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याकडे दिला. तिघांकडेही पेनं होती. शेवटी कागद 'अभिप्रायार्थ' म्हणून त्यांच्याबरोबर गेला आणि परत आला नाही.

पाईप बंद हवेत वाळायला चार दिवस लागले. केंद्रप्रमुखांनी दालनाचे दोन्ही दरवाजे उघडे टाकून त्यांना खुर्च्या लावायला सांगितल्यावर तीन. काकांवर कारवाई झालीच: एक पगारवाढ रोखली, कारण 'दर्शनी दालनाचा अनधिकृत वापर'. कुजलेल्या पाईपबद्दलच्या नोटिशीचं पुढं काय झालं ते कोणी सांगितलं नाही. बायकोनं कारवाईचा कागद वाचून विचारलं, "म्हणजे पाईप वाळवले म्हणून शिक्षा?"

"हो."

"आणि वाळवले नाहीत म्हणून?"

"त्याची चौकशी चालू आहे."

महिन्यानं जावई कामावर आला. हाताची कातडी अजून गुलाबी आणि ताणलेली होती. पहिल्याच दिवशी दुपारी घंटा झाली. निघण्याआधी त्यानं दालनातून दोन पाईप स्वतः उतरवून घेतले, खांद्यावर टाकले आणि बंबावर चढला. काका दारात उभे होते. त्यांनी मुलीला फोन लावला नाही. संध्याकाळी बंब परत येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत, आणि आल्यावर त्यांनी विचारलं ते एवढंच, "पाणी पुरलं?"

"पुरलं," जावई म्हणाला आणि ओले पाईप त्यांच्या हातगाडीवर टाकले.

काका गाडी ढकलत दालनाकडे निघाले. नवे पाईप खरेदी करण्याची प्रक्रिया सुरू होती.