मापात न धरलेलं टोक

जॉर्ज टाउनमधल्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने मला फसवलं. तो आमच्यातलाच, तंजावरी मराठी, म्हणून जास्त झोंबतं.

पाडलेल्या एका गोदामाची सागवानी तुळई त्याच्या वखारीत आली होती. भिंतीत गाडलेल्या टोकावर हातोड्याचा ठसा शाबूत होता: चंद्रकोर, खाली टिंब. आनैमलैच्या जंगलात लाकूडतोडीच्या तळावर माझे आजोबा मुकादम होते. कादर आदिवासी झाड हेरायचे, बुंध्याची साल गोल काढून ते उभंच वाळू द्यायचे. पुढे तोड झाली की हत्ती ओंडका ओढून आणायचा आणि आजोबा टोकावर आपला ठसा मारायचे. वडिलांनी तो मला फरशीवर खडूने काढून दाखवला होता. आजोबांचा फोटोसुद्धा आमच्याकडे नाही.

हवी ती वस्तू विकणाऱ्याला कळू द्यायची नाही, याच जोरावर मी धंदा उभा केला. म्हणून नेमकी त्या टोकालाच नावं ठेवली; मापात न धरलेलं टोक तुळईबरोबर फुकटात येईल, हा माझा हिशोब.

"नुसत्या भेगा आहेत. टोकं मापात धरू नकोस."

"अण्णा, तुम्ही आलात की मला घाम फुटतो. बरं, नाही धरत. कॉफी घ्या."

हा माणूस कोणाला पाणी विचारत नाही. तिथेच ओळखायला हवं होतं.

तुळई मी घेतली आणि घरच्या झोपाळ्यासाठी वखारीतच कापायला दिली. कापलेलं लाकूड घरी आलं, टोकं गायब. मी तडक वखार गाठली आणि आवाज चढवला.

"मापात नाही ते गिऱ्हाइकाचं नाही," तो शांतपणे म्हणाला. "वखारीची रीत तुम्हाला मी शिकवू, अण्णा? भेगाळलेलं लाकूड, चुलीत गेलं."

चुलीत! परवा अण्णा नगरच्या एका फर्निचर शोरूममध्ये ते चंद्रकोरीचं टोक दिसलं. पॉलिश केलेलं, काचेखाली, शेजारी पाटी: 'अस्सल बर्मा सागवान'. या शहरात चांगलं लाकूड म्हटलं की ते बर्माचंच. आनैमलै पुसलं, कादर पुसले, आजोबाही पुसले.

"विकायचं नाही सार, शोसाठी आहे," विक्रेता म्हणाला. कुठून आणलं विचारलं, तर त्याने याच वखारीचं नाव घेतलं.

म्हणून आज पुन्हा तुझ्या वखारीत आलोय. रीत मला मान्य आहे. बोललेला सौदा मी मोडत नाही. पण कॉफी मागवण्याआधी मी वाकून त्या ठशावरून बोट फिरवलं, तेव्हा तू मोजपट्टी सोडून माझ्याकडे बघत होतास. काय ओळखलंस तेव्हा? समोर बस आणि उत्तर दे.