सूचक ठकुबाई

ठकुबाई पंचायतीच्या मेंबर होत्या, म्हणजे त्यांचा अंगठा मेंबर होता. कायद्यात बाई पाहिजे म्हणून त्यांना घेतलं, आणि मीटिंगमध्ये बाईचं काय काम म्हणून कधी बोलावलं नाही. ग्रामसेवक मानसिंग रजिस्टर घेऊन चुलीपाशी यायचे आणि अंगठा उमटवून न्यायचे. वरव्याहून चौदाव्या वर्षी लग्न होऊन तोरण्याखालच्या या गावात आलेल्या बाईला एवढा मान पुष्कळ झाला, असं गावाचं मत होतं. ठकुबाईंचं मत कुणी विचारलं नव्हतं.

गावात दोन आळ्या. वरच्या आळीच्या सोनबांनी ठराव मांडला की खालच्या आळीचे बाजीराव तो मोडणार, आणि बाजीरावांनी मांडला की सोनबा. मानसिंगांनी यावर तोड काढली: ठराव कुठलाही असो, सूचक म्हणून नाव ठकुबाईंचं. त्यांच्याशी कुणाचं वैर नव्हतं. अशा रीतीनं वर्षभरात ठकुबाईंनी घरी भाकऱ्या थापता थापता अकरा ठराव मांडले.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावाला सरकारी विहीर मंजूर झाली. तो ठरावही ठकुबाईंचाच. फक्त जागेपुढं मानसिंगांनी कोरं सोडलं, कारण जागेचं नाव काढलं की डोकी फुटायची. ओढा आटला होता. बाया मैलभर लांब झऱ्यावर जाऊन वाटीवाटीनं हंडा भरत होत्या. ठकुबाईंच्या दिवसाला तीन खेपा व्हायच्या आणि मान अवघडून जायची. अशात वेल्ह्याहून तालुक्याचे साहेब आले आणि देवळापुढं बसून म्हणाले, "आज जागा ठरली नाही, तर विहीर दुसऱ्या गावाला जाईल. आणि या ठकुबाई कोण? त्यांना बोलवा. ठराव त्यांचा आहे, जागाही त्याच सांगतील."

मानसिंगांचा चेहरा पांढराफटक पडला.

ठकुबाई पदर सावरत आल्या. एका अंगाला वरची आळी, दुसऱ्या अंगाला खालची, आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. आपण जागा सांगितली की निम्मं गाव उठून जाणार आणि त्याच्यामागं विहीरही, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"सांगते की," त्या म्हणाल्या. "पर सायब पयल्यांदा गावात आलं आन् च्या न्हाई? दूध-साखर आणते, तवर बसा."

दूध मागायला त्या सोनबांच्या घरी गेल्या. त्यांच्या कारभारणीला, सगुणाबाईंना, हळूच म्हणाल्या, "कुनाला बोलू नगा. खालच्या आळीला घोर लागलाय. विहीर कुठंबी करा म्हणत्यात, पर जांभळाखाली नगं. तितं झाली तर बाजीरावांचं नाक कापलं जाईल."

जांभूळ दोन्ही आळ्यांच्या बरोबर मध्ये होतं, आणि त्याच्या बुडाची माती भर चैत्रातही ओली असायची.

साखर बाजीरावांच्या घरची. तिथं कारभारणीला, सखूबाईंना, तेच सांगितलं, फक्त आळी वरची आणि नाक सोनबांचं. वर, "तुमी तरी त्येंचं मन राखा बया," असंही म्हणाल्या.

'कुणाला बोलू नका' याच्याइतकं वेगवान टपाल सरकारला अजून जमलेलं नाही. आधण ठेवायचा अवकाश, दोन्ही घरच्या बाया पानाचा डबा द्यायच्या निमित्तानं देवळाकडं निघाल्या.

ठकुबाई चहा घेऊन पोचल्या तेव्हा सोनबा उभे होते. "विहीर जांभळाखालीच व्हायला पायजे."

"जांभळाखालीच," बाजीराव गरजले. "कोण आडवं येतंय बगतो."

मग दोघं एकमेकांकडं विजयी मुद्रेनं बघत राहिले. समोरचा भांडत का नाही, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. जिंकलेला माणूस चौकशा करत नाही. साहेबांनी घाईघाईनं कोरी जागा भरली आणि ठकुबाईंचा अंगठा घेतला.

पानाचे दोन डबे एकदम आलेले साहेबांनी पाहिले होते. जीपकडं जाताना त्यांनी विचारलं, "घरोघरी काय सांगितलंत?"

"च्याचं सामान मागितलं."

साहेब हसले. "बाई, तुम्ही दिल्लीला परराष्ट्र खात्यात पाहिजे होतात."

"तितं काय काम असतं?"

"भांडणाऱ्या देशांचा समेट करायचा."

"बाया असत्यात त्या कामाला?"

"आहेत. पण फार थोड्या."

"बाकीच्या पाण्याला गेल्या असतील," ठकुबाई म्हणाल्या, आणि राहिलेली खेप करायला निघाल्या.