दाढ काढायला निघाले होते

खरं सांगते, त्या सकाळी मी देवीवर रुसले होते. ल्युपस होऊन सहा वर्षं झाली होती. आपलंच शरीर आपल्यावर उलटतं, असा हा आजार. मध्यंतरी बरं वाटू लागलं, तेव्हा 'देवीनेच बरं केलं' म्हणून मी गोळ्या परस्पर बंद केल्या आणि त्यालाच श्रद्धा समजले. महिनाभरात हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दाढ किडली असेल, काढून टाकू, म्हणून मालवणला निघाले. जाताना देवळासमोर पुटपुटले, "आता तूच काय ता बघ."

दातांच्या डॉक्टरांकडे नंबर यायला वेळ होता, म्हणून मासळी बाजारात शिरले. ओल्या फरशीवर साडी जरा वर धरली, तर बांगडे विकणारी एक अनोळखी बाई माझ्या पायांकडे टक लावून बघू लागली.

"गो बाय, ह्ये लाल ठिपके कधीपासना आसत?"

"डास चावले आसतीत. दाढ काढूक चललंय, हिरड्यांतसून रगात येता."

ती ताडकन उठली. "दाढ काढू नको! माझ्या चेडवाक, लेकीक, ल्युपस आसा. रक्तातले प्लेटलेट उतरले काय तिका असेच ठिपके येतत. पयलां रगात तपास. चल, मी येतंय!"

ल्युपस! मी तर आजाराचं नावही काढलं नव्हतं! शेजारणीकडे टोपली सोपवून, हात पुसत ती माझ्यासोबत रिक्षात बसलीसुद्धा.

जवळच्या दवाखान्यात रक्त दिलं, तासाभरात रिपोर्ट आला. लाखांत असायला हव्यात त्या प्लेटलेट जेमतेम सहा हजार! "आज दाढ काढली असती तर रक्त थांबवणं कठीण होतं," डॉक्टर म्हणाले आणि लगेच मला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. गाडीत चढताना त्या बाईने माझ्या गालावरून हात फिरवला. त्या हाताला मासळीचा वास होता. मला तो देवळातल्या फुलांसारखा वाटला.

स्टिरॉइड सुरू झालं. पाचव्या दिवशी नर्स हसतच आली, "चाळीस हजार!" मी खाटेवर बसून ढसाढसा रडले.

देवीवर भार टाकायचा म्हणजे औषध टाकायचं नव्हे, तिने पुढे केलेला हात धरायचा, हे मला असं कळलं.

काल रिपोर्ट आला, दीड लाख! पहिला फोन त्या बाईलाच केला. ती बाजारातच होती. "ऐकलात गो? दीड लाख!" ती सगळ्यांना ओरडून सांगू लागली. इकडे मी देवीच्या तसबिरीपुढे डोकं टेकलं. आये, तुझे उपकार किती म्हणून मानू!