मेलेल्यांचे वाढदिवस

बर्थडे अण्णाला सकाळी नुसता नमस्कार करायचीही सोय नव्हती. आपण हात जोडायचा अवकाश, की तो बोट वर करून विचारायचा, "आज कोणाचा वाढदिवस आहे, सांगा बघू?" तो तुमच्या-माझ्या ओळखीतल्या कुणाचा कधीच नसायचा. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत जन्मलेला कुणी ट्रम्पेट फुंकणारा असायचा, नाहीतर बँजो वाजवणारा, नाहीतर गुरांमागे फिरता फिरता गाणी म्हणणारा. आपल्याला नाव सांगता आलं नाही, की अण्णाचा दिवस सत्कारणी लागायचा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो, कारण तो घरमालक होता. आता त्याचं घर सोडलंय, तेव्हा इथे ती तसदी घेत नाही.

मी निपाणीकडचा. नोकरीसाठी बेंगळुरूला आलो आणि के. आर. पुरममध्ये अण्णाच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली अण्णा आणि त्याची थोरली बहीण, दोघंच राहायची. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. आई लवकर गेली, तेव्हा हा भाऊ तिनेच वाढवला आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. घराणं बेंगळुरूत इतकं जुनं, की मराठी फक्त घरात उरलेली, आणि तिलाही कन्नडची फोडणी. अण्णा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खरेदी खातं सांभाळून निवृत्त झाला होता. आयुष्यभर नट-बोल्टचे भाव पाडून घेतलेल्या माणसाला म्हातारपणी जाझ सुचलं.

त्याला गाणं कळत असतं तर मी सोसलं असतं. तो फोनवर दोन मिनिटं गाणं लावायचा आणि अर्धा तास त्यावर बोलायचा. पायाने ठेका धरायचा, पण त्याचा पाय आणि गाण्यातला ढोल यांची गाठ कधी पडली नाही. एकदा मी विचारलं, "अण्णा, जाझ म्हणजे नक्की काय हो?" डोळे मिटून म्हणाला, "जाझ म्हणजे स्वातंत्र्य. तुम्हा निपाणीवाल्यांना नाही कळायचं." आणि डोळे न उघडताच ओरडला, "अक्का, कॉफी!"

वाढदिवस म्हटला की केक आलाच. बेकरीतून हनी केक आणायचा, त्यावर मेणबत्ती लावायची, स्वतःच फुंकायची आणि स्वतःच खायचा. मी एकदा म्हटलं, "आपल्यात मेलेल्यांची जयंती करतात, वाढदिवस जिवंत माणसांचा." यावर तो म्हणाला, "कलाकार मरत नसतो." मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. आमच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसालाही तो आला आणि आजच कुणा सॅक्सोफोनवाल्याचाही दिवस आहे म्हणून सगळ्यांना उभं करून त्याचं चरित्र सांगत बसला. मेणबत्ती वितळून केकवर पसरली, मुलगी रडून झोपली. शेवटी वरचा थर खरवडून आम्ही तो केक खाल्ला.

मग एका गाणाऱ्याची जन्मतारीख त्या गाणाऱ्यानेच हयातीत ठोकून दिलेली निघाली. खरी वेगळीच होती. अण्णाच्या मंडळात, म्हणजे त्याच्यासारख्याच चार रिकामटेकड्यांत, त्यावरून जुंपली. अण्णाने तोड काढली आणि दोन्ही दिवशी केक कापला. मी हसत विचारलं, "तुमचा स्वतःचा कधी असतो?" म्हणाला, "एक जून. शाळेत घालताना हेडमास्तरांनी लिहिली. आपल्या लोकांना कुठली आलीय जन्मतारीख!"

त्याला जन्मतिथी मात्र होती, आणि ती अक्काला पाठ होती. थंडीत बाजारात अवरेकाईचे, म्हणजे पावट्यासारख्या शेंगांचे, ढीग लागतात. त्या दिवसांत एका सकाळी अक्का जिन्याखालून माझ्या बायकोला हाक मारायची, "सुमा, आज आमच्या अण्णाची तिथी. दाणे सोलायला ये गं." दुपारी अवरेकाईचं सार, संध्याकाळी पाट, रांगोळी, निरांजन. अण्णा घड्याळ बघत पाटावर बसायचा. ती तिथी कुठली, हे त्याने कधी विचारलं नाही.

अक्काच्या शेवटच्या वर्षी त्याच संध्याकाळी मंडळाचा कुणा अमेरिकन गवयाचा वाढदिवस होता. अण्णा हॅट घालून दाराशी. अक्का तबक घेऊन उभी. आम्ही दोघं तिथेच होतो.

"स्वल्प बस रे. ओवाळते, मग जा."

"सरी, सरी," अण्णा कन्नडात बरं-बरं करत म्हणाला, "उद्या ओवाळ. आज त्याचा दिवस आहे."

"तिथी उद्या नसते रे, अण्णा."

तो गेला. अक्काने निरांजन पाटासमोर ठेवलं आणि तूप संपेपर्यंत तिथेच बसून राहिली. मग आम्हालाच सार वाढलं. "पुढच्या वर्षी," म्हणाली. त्या रात्री त्या माणसाचा मला जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

पुढचं वर्ष तिला मिळालं नाही. उन्हाळ्यात ती गेली.

थंडी पडली, गल्लीत अवरेकाईची गाडी फिरू लागली, आणि एके दिवशी अण्णा जिना चढून वर आला. इकडचं तिकडचं बोलून बायकोला म्हणाला, "सुमा, अक्काचं ते मला ओवाळायचं... ते नक्की कधी असायचं गं?" आम्हाला कुठलं माहीत? मी म्हणालो, "एक जून आहे की, अण्णा." तो कठडा धरून खाली गेला. त्यानंतर रोज संध्याकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तो खोलीत बसलेला दिसायचा. समोर पाट मांडलेला असायचा. त्या दिवसांतला कुठलाही दिवस त्याचा असू शकत होता.

चार-पाच दिवस सुमाने ते पाहिलं. मग एका संध्याकाळी तबक घेऊन ती खाली गेली. मी मागोमाग गेलो, पण जिन्यातच थांबलो.

"अण्णा, आज आहे. अक्कांनी मला सांगून ठेवलं होतं."

एका तारखेवरून मंडळाशी आठवडाभर भांडणारा हा माणूस. त्याने कुठली तिथी म्हणूनही विचारलं नाही. पाटावर बसला आणि डोक्यावर रुमाल घेतला. सुमा ओवाळत असताना त्याचा फोन वाजला. मंडळाचा असणार, त्या दिवशीही कुणीतरी अमेरिकेत जन्मलेला होताच. अण्णाने फोन कानाला लावला आणि म्हणाला, "आज नको. आज माझा वाढदिवस आहे."

तो दिवस सुमाने मनानेच ठरवला होता, हेडमास्तरांच्या एक जूनइतकाच खोटा. माणूस मला तेव्हाही आवडला नाही, आजही आवडत नाही. हेच वाक्य तो एक वर्ष आधी बोलला असता, तर ते ऐकायला अक्का तबक घेऊन दारात उभी होती.