तेल पाय आवरतं

मंडळी, पीएचडी संपायची आहे अजून, पण आज श्रीवर्धनला आमच्या ओटीवर मी पास झाले!

आईचा अडकित्ता जड चालत होता. तिने सांध्यात तेलाचा थेंब सोडला. मी म्हटलं, "आई, मी कॉम्प्युटरवर हेच बघते. इतक्या पातळ थरात तेलाचे रेणू दाटीने बसतात. पातं सरकलं, की त्याच दिशेने आडवे होऊन वाट देतात."

"म्हणजे हळदीला दाटीत बसलेल्या बायका, कुणी मधून निघालं की पाय आवरून घेतात, तसं?"

"अगदी तसंच!"

संध्याकाळी शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय शिकते गं ही?" एरवी आईचं उत्तर ठरलेलं असतं, "कॉम्प्युटरचं काहीतरी." आज सुपारी कातरत ऐटीत म्हणाली, "तेल पाय कसे आवरतं, ते बघते."

तुमच्या कामाला घरी काय म्हणतात?