वखारीच्या मागचं घर

चिखलीच्या बाजाराला भरती-ओहोटी असते, हे बंदरकाकूंनी सांगेपर्यंत आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बाजार फुलला की त्या म्हणायच्या, "भरती आली." उन्हं कलली, गिऱ्हाईक पांगलं की, "ओहोटी लागली, आवरा." जिनिंगपुढं उभ्या कापसाच्या गाड्या तर त्यांना सरळ गलबतंच वाटायच्या.

काकू कोकणातल्या. नवरा एस.टी.त मिस्त्री, बदली होऊन इकडे आलेला. नवा महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हाची गोष्ट. काकू बाजारात सुके बोंबील विकायच्या आणि त्यावर आपल्या बंदराचा इतिहास फुकट द्यायच्या. मलबारी सागवानाची गलबतं, मंगळुरी कौलांची वखार, जकातीचं नाकं, भोंगा वाजवत येणारी आगबोट. सगळं असं सांगायच्या, जणू सकाळीच पाहून आल्यात. शेजारची भाजीवाली सखूबाई चिडवायची, "काऊन वो काकू, तुमच्या बंदरात आमची चिखली मावन का?"

"मावेल की! पण तुमच्या धुळीनं मासे खोकतील."

मी सातवीतच शाळा सोडलेली. बाप गेलेला, हाताला काम नाही. काकूंनीच एक दिवस ठरवून टाकलं, "माझ्या भावाला मासळी खारवायला माणूस हवाय. तू जा."

"काकू, मले पोहनं नाई येत."

"मासळी मेलेली असते रे. तिला तरी कुठं येतंय?"

मग पत्ता घोकून घेतला. आगबोटीतून पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायचं. पडाव धक्क्याला लागला की समोर जकातीचं नाकं, डावीकडे कौलांची वखार. वखारीच्या मागे भावाचं घर.

आगबोट कुठली! मी एस.टी.नंच पोचलो. धक्का होता, पण त्याच्यापुढं नुसता गाळ, तिवरांचं रान आणि पाणी पार लांब. नाकं नाही, वखार नाही. काकूनं मले फसवलं का? परत जाऊन आईला काय तोंड दाखवू? जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी काकूंचं नाव सांगून पत्ता जसाच्या तसा म्हणून दाखवला. तो हसता हसता ठसकला.

"अरे, बंदर गाळानं भरलं नि आगबोट बंद झाली, तेव्हा ती जन्मलीसुद्धा नव्हती! आम्ही होड्या लावतो पार खाडीच्या तोंडाशी. हे सगळं तिच्या आज्यानं तिला मांडीवर बसवून सांगितलेलं." मग गुडघ्यावर हात देत उठला. "चल. वखार पडली, पण मागचं घर आहे."

घर होतं. भाऊंनी बहिणीचं नाव ऐकलं आणि पुढं काही विचारलंच नाही. वहिनींनी पान वाढलं. भाकरी ज्वारीची नव्हती, तांदळाची होती, एवढीच काय ती तक्रार.

दिवाळीला गावी गेलो. काकूंना चांगलं धारेवर धरायचं, असं वाटेतच ठरवलं होतं. पण त्यांनीच भर बाजारात विचारलं, "काय रे, बोट आली होती ना वेळेवर?" सखूबाईनं मेथी निवडायची थांबवली.

"हाव काकू. टायमावर आली. भोंगा बी वाजला."

सखूबाई पुन्हा मेथी निवडू लागली. काकू बोंबलांची जुडी बांधता बांधता हळूच म्हणाल्या, "भोंगा जरा जास्त झाला."

मी अजून त्याच बंदरात आहे. काकू गेल्याचं कळलं, त्याच आठवड्यात खारवणीला एक नवा माणूस आला, माझ्यासारखाच भेदरलेला. भाऊंचं घर विचारत होता. मी हात करून सांगितलं, "ती कौलांची वखार आहे ना, तिच्या मागे."

तो इकडंतिकडं बघत राहिला. मग मीच त्याला घेऊन गेलो.