तानीच्या भेटीचा हुकूम

कोर्टातले खटले कधीतरी निकाली निघतात, किस्से निघत नाहीत. ते साठतच राहतात. निजामाच्या अमलात मी नवी सनद घेऊन परभणीच्या कोर्टात बसलो तेव्हा माझ्याकडे पक्षकार एकही नव्हता, त्यामुळे किस्से मात्र भरपूर जमले. कोर्टासमोर चहाचं हॉटेल होतं. तिथल्या बाकड्यावर आम्ही रिकामे वकील दिवसभर बसायचो आणि कामातल्या वकिलांची अक्कल मोजायचो. मोजायला फार वेळ लागायचा नाही.

आज एकाच खटल्याचे किस्से सांगतो. तेवढे ऐकलेत की कायदा शिकायला हैदराबादेला जायची गरज नाही.

राणीसावरगावचा ग्यानबा मेंढरं राखणारा, तोंडाचा फटकळ. त्याची लेक काशी पूर्णेला मारोतीच्या घरी दिलेली. मारोती रेल्वेत पॉइंट्समन. दोघांचं पटलं नाही, पंचांनी काडीमोड करून दिली आणि काशी आपल्या लहानग्या लेकीला, तानीला, कडेवर घेऊन बापाकडे परत आली. मारोतीचं मागणं एवढंच होतं: लेक आईजवळ राहू द्या, पण महिन्यातून एकदा मला तिला भेटू द्या. आता पूर्णा कुठं, राणीसावरगाव कुठं! रेल्वेनं परभणी, तिथून दुसऱ्या गाडीनं गंगाखेड, पुढं बैलगाडी. एवढं करून गेलं तरी ग्यानबा दारात उभा करायचा नाही. म्हणून मारोती कोर्टात आला. चूक झाली बिचाऱ्याची.

ग्यानबानं माणिकराव वकील केले, मारोतीनं काझी वकील. दोघंही नामांकित. नामांकित म्हणजे, साधं होय-नाही सांगायला ज्यांना तीन तारखा लागतात ते.

पहिल्या तारखेला चपराशानं "हाजिर है" अशी आरोळी ठोकली आणि तानी घाबरून रडायला लागली. चपराशी बाबूमियाँ, छातीवर पितळी बिल्ला, मिशा पांढऱ्या. आपल्या आवाजाची त्यालाच लाज वाटली असावी. त्यानं खिशातले मूठभर फुटाणे काढून तिच्या ओंजळीत टाकले. त्या दिवशी त्या कोर्टात कुणाला काही मिळालं असेल तर ते तानीला.

* * *

खटला ऐकणारे मुन्सिफसाहेब हैदराबादचे. उर्दू अशी की ऐकत राहावं. अर्थ लागला नाही तरी कान खूश. त्यांनी हुकूम दिला की, दर महिन्याच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी मुलीची बापाशी भेट घडवावी. दोन्ही वकिलांनी माना डोलावल्या. घोळ कुणाच्याच ध्यानात आला नाही.

सरकारी महिना फसली. आजूर, दै, बहमन वगैरे. सरकारी सुट्टी शुक्रवारची. रेल्वेचा महिना इंग्रजी आणि मारोतीची सुट्टी रविवारची. ग्यानबाचा महिना चैत्र-वैशाख. म्हणजे एका हुकुमात तीन पंचांगं, आणि ज्यांनी तो लिहिला ते आपापल्या घरी सुखानं जेवले.

मारोती आपल्या रविवारी राणीसावरगावला धडकला. ग्यानबा म्हणाला, महिना अजून लागलाच नाही. मारोती परत गेला. पुढं शुक्रवार आला, त्या दिवशी मारोती ड्युटीवर. महिना गेला, दुसराही गेला. शेवटी ग्यानबाला कोर्टात उभं केलं. माणिकरावांनी त्याला पढवलं होतं की फक्त हात जोडून उभा राहा. तो कसला राहतोय! मुन्सिफसाहेबांना म्हणाला:

"सायेब, मेंढरं राखनाऱ्याला सुट्टी कंच्या दिवशी असती, तेवढं सांगा. त्या दिवशी आनतो पोरीला."

मुन्सिफसाहेबांनी कायद्याच्या पुस्तकात पाहिलं. तिथं मेंढरांचा उल्लेख नव्हता.

* * *

मग हुकूम सुधारला. फसली महिन्याचा पहिला शुक्रवार, आणि भेट स्टेशनावर. काझी वकील हॉटेलात येऊन आम्हाला म्हणाले, आता यात बोट घालायला जागा नाही. मी म्हटलं, वा!

मारोतीनं रेल्वेच्या साहेबाच्या विनवण्या करून शुक्रवारची रजा मिळवली. ठरल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी ग्यानबा पोरीला घेऊन बैलगाडीनं गंगाखेडच्या स्टेशनावर आला, कारण त्याचं स्टेशन ते. मारोती अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पूर्णेच्या स्टेशनावर उभा राहिला, कारण त्याचं स्टेशन ते. गाड्या आल्या, गाड्या गेल्या. दोघंही दिवसभर उभे. दोघांनीही आपापल्या स्टेशनमास्तरला साक्षीला धरलं आणि दोघांच्याही वकिलांनी दुसऱ्याविरुद्ध हुकूम मोडल्याची तक्रार गुदरली.

तारीख पडली. मुन्सिफसाहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि खुशीत म्हणाले, "दोनों ने हुकूम की पूरी तामील की है!"

खरंच की. हुकूम दोघांनीही पाळला होता. लेक तेवढी बापाला भेटली नव्हती. बाहेर व्हरांड्यात ती बाबूमियाँला सांगत होती की तिनं आगीनगाडी बघितली. बाबूमियाँनं तोंडानं शिट्टी मारून तिला गाडी करून दाखवली आणि पोर अशी हसली की आतल्या पेशकार कारकुनानं "खामोश!" म्हणून ओरडावं.

* * *

तिसऱ्या खेपेला जागा नक्की ठरली, परभणी स्टेशन. दोघांनाही मधलं. "घरच्या जबाबदार माणसांनी मुलीला पोहोचवावे" असंही घातलं. माणसांनी म्हणजे किती, ते घालायचं राहिलं.

ग्यानबा म्हणाला, मी एकटा गेलो आणि त्यानं पोर पळवली तर? म्हणून त्यानं आख्खी भावकी उचलली. चुलते, पुतणे, एक बहिरा आजा, सगळे फेटे बांधून प्लॅटफॉर्मवर उतरले. मारोतीनं तानीसाठी पुडाभर जिलेबी आणली होती. सोयरे आलेले बघून तो गांगरला. काडी मोडली तरी पाहुणे ते पाहुणेच. आपल्याकडे आलेल्याला चूळ भरायला पाणी आणि पुढं ताट हवंच. तो बिचारा बाजारात धावला आणि सगळ्यांसाठी भाकरी-कालवण शोधत बसला. मग आधी कुणी बसायचं, कुणाचा मान, काडी मोडल्यावर मान राहतो की नाही, यावर पंगत अडली. मारोती मेटाकुटीला येऊन म्हणाला, मला लेकीला भेटायचंय, जेवणं नंतर करा. तर भावकीतला सगळ्यात थोरला चुलता शांतपणे म्हणाला:

"हुकमात भेट लिवल्याली हाय. उपाशी भेट लिवल्याली न्हाई."

जेवणं उरकेपर्यंत गंगाखेडची गाडी लागली. जिलेबी कुणी खाल्ली ते विचारू नका. तानी एका चुलत्याच्या खांद्यावर झोपलेली होती. मारोतीनं आपल्या लेकीची पाठ बघितली.

माझ्या मते त्या दिवशी त्या भावकीला एकेक करून रुळावर बांधायला हवं होतं. पण तसा हुकूम नव्हता.

* * *

यापुढचा किस्सा सांगताना मला अजूनही संताप येतो. माणिकरावांनी नवीनच मुद्दा काढला. म्हणाले, भेट म्हणजे काय? हुकुमात भेट म्हटलंय. बापानं मुलीला बघितलं की भेट झाली. मांडीवर घ्यावं, कुरवाळावं, खाऊ भरवावा, असं कुठं लिहिलंय?

कुणीही शहाण्या माणसानं हसून सोडून द्यावं असं हे बोलणं. पण काझी वकील हसले तर ते वकील कसले! त्यांनी हैदराबादेहून पुस्तकं मागवली. दिवसच्या दिवस वाद चालला. एकानं फारशी शेर म्हणावा, दुसऱ्यानं संस्कृत श्लोक. मुन्सिफसाहेबांना इतकी मजा आली की त्यांनी आणखी तारीख दिली.

त्या सगळ्या तारखांना मारोती पूर्णेहून यायचा आणि काशी तानीला घेऊन यायची. कोर्टाच्या एकाच आवारात बाप आणि लेक, मध्ये दहा पावलं. पण काझी वकिलांनी मारोतीला बजावून ठेवलेलं की भेटीचा अर्थ ठरेपर्यंत पोरीला हात लावायचा नाही, नाहीतर कोर्टाची बेअदबी होईल! आणि तोही असा सरळ की खरंच लावायचा नाही. भिंतीला टेकून उकिडवा बसायचा आणि बघायचा. तानी बाबूमियाँच्या पाठीवर घोडा घोडा खेळायची. एकदा तिचा चेंडू घरंगळत मारोतीच्या पायाशी आला. त्यानं आधी आपल्या वकिलाकडं बघितलं. मग बाबूमियाँनं येऊन चेंडू उचलला.

काशी लांब उभी राहून हे बघत होती. नवऱ्याशी तिचं पटलं नव्हतं हे खरं, पण त्या दिवशी ती बापाला म्हणाली, "बाबा, ह्ये बरं दिसंना गेलंय." ग्यानबानं तिला गप्प केलं. दोन्ही वकिलांपैकी एकानंही तिला कधी काही विचारलं नव्हतं. हुकुमात तिचं नावही नव्हतं.

* * *

भेटीचा अर्थ एकदाचा ठरला. मांडीवर घेणं मंजूर झालं, खाऊही मंजूर झाला. आता पोर भेटणार म्हणून मारोती आमच्या हॉटेलात येऊन सगळ्यांना चहा पाजून गेला. तेवढ्यात काझी वकील आपल्या हुशारीवर खूश होऊन मित्रमंडळींत बोलून बसले, "पोरगी परत द्यायची कुठं लिहिलंय?"

हॉटेलातलं बोलणं माणिकरावांपर्यंत जायला कितीसा वेळ! आमच्यातलेच दोघं तिकडचे होते. माणिकरावांनी लगेच सल्ला दिला की परतीचं लिहून येत नाही तोवर पोर घराबाहेर काढू नका. ग्यानबानं तानीला मेंढरांच्या लांबच्या वाड्यावर नेऊन ठेवलं. मारोती परभणी स्टेशनावर येऊन बसला आणि रिकाम्या हातानं परत गेला. त्याच्या मनात पोर पळवायचं कधी आलंच नव्हतं. ते फक्त त्याच्या वकिलाच्या डोक्यात आलं होतं. पुढच्या तारखा मुन्सिफसाहेबांच्या रजेत गेल्या. तानीचे दुधाचे दात पडायला लागले.

* * *

शेवटी मुन्सिफसाहेबांची बदली आली. जाण्याआधी हे प्रकरण असं बांधून जातो की पुढं कुणाला वाद घालता येऊ नये, असं त्यांनी ठरवलं. दोन्ही वकिलांना समोर बसवून हुकूम लिहिला. महिना कोणता, वार कोणता, स्टेशन कोणतं, सोबत कोण येणार, शिदोरी कुणाची, मांडीवर घ्यायचं की नाही, परत कोणत्या गाडीनं. सगळं आलं. हुकूम वाचायला लागले तर पंखा ओढणाऱ्याला झोप लागली.

त्यात माणिकरावांनी शेवटी एक कलम घातलं: मुलीने बापाला स्वतः ओळखावे आणि आपखुशीने त्याच्याकडे जावे, तेव्हाच तिला त्याच्या हवाली करावे. भलत्याच माणसानं येऊन पोर नेऊ नये म्हणून. काझी वकील म्हणाले, घाला की, लेक काय बापाला ओळखायची नाही? आणि दोघांनी एकमेकांना पान दिलं.

पहिल्या भेटीला कोर्टाचा माणूस हजर हवा म्हणून मला कमिशनर नेमलं. दुसरा कुणी एवढा रिकामा नव्हता. माझ्याबरोबर सरकारी शिपाई म्हणून बाबूमियाँला दिलं.

परभणीच्या प्लॅटफॉर्मवर सगळं हुकुमाबरहुकूम झालं. पूर्णेची गाडी आली, मारोती उतरला. धुतलेला सदरा, काखेत कागदाचं पुडकं. पुडक्यात परकर होता. वरून दिसत होता आणि तानीला तो लहान होणार हेही दिसत होतं. गंगाखेडची गाडी आली, ग्यानबा आणि काशी तानीला घेऊन उतरले. काशीनं मारोतीसाठी धपाटे बांधून आणले होते. ग्यानबानंही त्याला रामराम घातला. भांडायला आता कुणाकडे काही उरलं नव्हतं.

मी कलम वाचून दाखवलं. मग खाली बसून विचारलं, "तानी, तुझा बा कोणता, दाखव बरं. त्याच्याकडे जा."

तानीनं सगळ्यांकडे नीट बघितलं. मारोतीनं दोन्ही हात पुढं केले. तानी त्याच्या अंगावरून पुढं गेली आणि तिनं बाबूमियाँचं बोट धरलं.

"अरे बेटा, मैं नहीं," बाबूमियाँ पुटपुटला. "उधर देख ना. वो है तेरा बाप."

तिनं दुसऱ्या हातानं त्याचा पितळी बिल्ला धरला आणि सोडेना. काशीनं पदर तोंडात कोंबला. ग्यानबा रुळांकडे बघत उभा राहिला. हातात हुकूम घेऊन मी बसलो होतो तिथंच बसलो.

मारोतीनं हात खाली घेतले. काखेतलं पुडकं काढलं आणि बाबूमियाँच्या हातात दिलं.

"तुमच्या हातानं द्या," म्हणाला. "घेईल ती."